शॉक लागला नाही, तरी पॅनेलसमोर माणूस भाजतो कसा?

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जिनिंगच्या (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मिलच्या) वीज पॅनेलमध्ये भडका झाला आणि सोबतच्या वायरमनचे हात-तोंड भाजले, पण त्याला शॉक लागलाच नव्हता, हे कसं? आणि मालक लाईन बंद करू देत नसेल तर काम करायचं कसं? मी हिंगणघाटच्या बाजूला जिनिंग आणि दाल मिलची पॅनेलं सांभाळतो, सुपरवायझरचं लायसन्स आहे. दुसरं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून पहिलं आधी देतो.

शॉक लागायचा तर करंट अंगातून जावा लागतो. इथे तो हवेतून गेला. दोन फेजच्या मध्ये पाना पडला, पाल शिरली, लग (केबलच्या टोकाचा जोड) ढिला होऊन तापला, किंवा रुईचा भुगा ओल धरून बसला, की पहिली ठिणगी उडते. त्या ठिणगीने हवाच वाहक होते. मग पाना उडून पडला तरी आर्क, म्हणजे हवेतून वाहणारा हा करंट, चालू राहतो. त्याचं तापमान 19-20 हजार अंश सेल्सिअसपर्यंत जातं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो. तांब्याची वाफ होते, ती हजारो पटींनी फुगते आणि वितळलेल्या धातूचे थेंब घेऊन दारातून बाहेर येते. समोर उभ्या माणसाने कशालाही हात लावलेला नसला तरी तो भाजतो. याला आर्क फ्लॅश म्हणतात. आयटीआयमध्ये आपल्याला शॉकच जास्त शिकवतात. या भाजण्याचं गणित तसं उशिराच मांडलं गेलं, 1982 साली, राल्फ ली या अमेरिकन इंजिनिअरने. चामडीच्या एका चौरस सेंटिमीटरवर 1.2 कॅलरी उष्णता पडली की फोड येण्याइतकं भाजायला सुरुवात होते.

घरच्या सिंगल फेज बोर्डातही ठिणगी उडते, पण ती सहसा टिकत नाही. थ्री फेजला ती एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारत टिकून राहते, आणि मागे ट्रान्सफॉर्मर जेवढा मोठा तेवढं तिला खायला जास्त. तुमच्याकडे 500 केव्हीए क्षमतेचा आहे असं धरू. 433 व्होल्टला त्याचा पूर्ण भाराचा करंट 667 अँपिअर. इंपिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) साडेचार टक्के असेल तर शॉर्ट झाल्यावर जवळपास 15 हजार अँपिअर येतात. गावातल्या 100 केव्हीएच्या डीपीवर (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर) हाच आकडा 3 हजारांच्या आसपास.

आता खरी गोम. भाजणं किती, हे करंटइतकंच आर्क किती वेळ जळला यावर ठरतं. वेळ दुप्पट तर उष्णता दुप्पट. एमसीसीबीने (पॅनेलमधल्या मोठ्या ब्रेकरने) 50 मिलिसेकंदात तोडलं तर जेवढं भाजेल, त्याच्या वीसपट एक सेकंद लागला तर. शिवाय आर्कचा करंट सरळ शॉर्टपेक्षा कमी असतो, त्यामुळे सेटिंग वर नेऊन ठेवलेलं असेल तर ब्रेकर त्याला नुसता ओव्हरलोड समजून वाट पाहत बसतो. तुमच्या पॅनेलचं इन्स्टंट सेटिंग, म्हणजे किती करंटला ब्रेकर लगेच तोडेल ते, कुठे आहे ते आधी बघा. मोटर सुरू होताना ट्रिप होते म्हणून कोणीतरी ते शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं असतं, आणि तो कोणीतरी केव्हाच दुसऱ्या जिनिंगला निघून गेलेला असतो.

शेतातल्या डीपीवर याचंच गावठी रूप दिसतं. लाईन आली की ऑटो स्विचमुळे सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात, किटकॅटमधली (फ्यूजमधली) तार उडते. दोन-तीनदा उडाली की कोणीतरी वैतागून कंडक्टरची जाड तार पिळून बसवतो, म्हणजे आता कटकट नाही. कटकट जाते, पण आर्क झाला तर तोडणारंही कोणी उरत नाही. त्यात रात्रीच्या पाळीला, मोबाईलच्या उजेडात, लोड चालू असताना तो किटकॅट तोंडाजवळ धरून दाबतात. शेतकऱ्याने डीपीची पेटी उघडूच नये. ते लाईनमनचं काम आहे, तक्रारीला 1912 आहे. लाईनमन यायला दोन दिवस लागतात हे मलाही माहीत आहे. तरी हेच सांगेन.

अंतराचं गणित आपल्या बाजूचं आहे. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की उष्णता साधारण चौथाई होते. पेटीतला आर्क पुढे ढकलला जातो, तिथे फायदा थोडा कमी. म्हणून ब्रेकर ऑन-ऑफ करताना दाराच्या समोर उभं राहू नका. बाजूला उभे राहा, हात लांब, तोंड फिरवलेलं, आणि दार लावून बोल्ट आवळलेलं. आपल्याकडे एप्रिल-मे आला की पॅनेलची दारं उघडी टाकून समोर फर्राटा पंखा लावतात. 45 डिग्रीत दुसरं काय करणार, असं म्हणतात. पण मग भडक्याला अडवायला पत्रासुद्धा राहत नाही, आणि तो पंखा रुई आत भरतो ते वेगळंच. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर लागतो. पावसाळ्यात पॅनेल ब्लोअर आणि व्हॅक्यूमने साफ करून लग आवळून, केबलची भोकं बंद करून घ्या. पाली तिथूनच शिरतात.

कपड्यांचं थोडक्यात: टेरिकॉट, पॉलिएस्टर वितळून चामडीला चिकटतं, सुती निदान चिकटत नाही. रबरी हातमोजे शॉकसाठी असतात, उष्णतेसाठी नाहीत. आर्कसाठी कॅलरी रेटिंगचा सूट आणि तोंडावर शील्ड लागते.

आता मालक. “लाईन बंद नको करू बावा, गेटवर गाड्या उभ्या आहे ना,” हे मीही ऐकतो. चालू पॅनेलवर काम करायची सुरक्षित युक्ती मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुमच्याकडे सूट नाही आणि मला तुमचं पॅनेल माहीत नाही. बंद करा, कुलूप लावा, किल्ली आपल्या खिशात ठेवा. जनरेटरचा चेंजओव्हर स्विच बघा, तिकडून लाईन येत नाही ना. कपॅसिटर बँक असेल तर तिच्यात बंद केल्यावरही चार्ज उरतो, म्हणून पाच मिनिटं थांबा आणि मग मोजा. मोजायला निऑन टेस्टर नको. मीटर आधी चालू लाईनवर तपासा, मग बंद पॅनेलवर, मग पुन्हा चालू लाईनवर. आणि लीड अँपिअरच्या सॉकेटात राहिली नाही ना हे बघा. तशीच व्होल्टेज मोजायला गेलात तर तुमचा मीटरच दोन फेज जोडतो. स्वस्त मीटर हातात फुटतात ते असे.

मालकाशी भांडू नका, वेळ मागा. पाळी बदलताना वीस मिनिटं सहज मिळतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार, नेमून दिलेल्या माणसाशिवाय आणि ठरलेल्या खबरदारीशिवाय चालू लाईनवर काम करता येत नाही, हेही शांतपणे सांगा. तरी ऐकत नसेल तर तसं लेखी मागा. लेखी कोणी देत नाही.

सोबत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं का ते लिहिलं नाही तुम्ही. जखमा बऱ्या दिसत असल्या तरी दाखवा, आणि कान वाजत असतील तर तेही सांगा.