नेदरलँड्सच्या किनाऱ्याने, मोटारींपासून दूर राहून, आठवडाभर सायकलने फिरता येईल का?

होय, येईल. पन्नाशी ओलांडलेल्या, पण पुण्यात रोज सकाळी सायकल चालवणाऱ्या तुमच्यासारख्या दांपत्याला तर निश्चितच येईल. मार्ग कोणता, रोज किती अंतर कापावे आणि भाड्याची सायकल कशी घ्यावी, या तुमच्या तिन्ही मुद्द्यांकडे मी येतोच. परंतु प्रश्नाच्या ओघात ‘तिकडची माणसेच मुळात शिस्तीची असल्यामुळे असे मार्ग तिथे होऊ शकतात’ असे जे तुम्ही लिहून गेला आहात, त्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हेच वाक्य आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मला कित्येक वर्षे ऐकवत आले आहेत. त्यांची हयात सरकारी नोकरीत रस्ते बांधण्यात गेली असल्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो.

मी हेगमध्ये राहतो. इथला सायकलस्वार लाल दिवा तोडतो, उलट्या बाजूने येतो, आणि 2019 पासून सायकल चालवताना हातात फोन धरण्यास कायद्याने बंदी असूनही एका हाताने खुशाल निरोप टंकत जातो. 1971 साली या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. शहरांतले चौक तेव्हा मोटारींनी भरलेले होते. ‘बालहत्या थांबवा’ अशी घोषणा देत लोक रस्त्यावर उतरले, पाठोपाठ 1973 चे तेलसंकट आले, आणि मग कुठे सरकार हलले. माणसे त्याआधीही हीच होती आणि नंतरही हीच राहिली. बदलले ते रस्ते.

दाजी आणि ताई एका जूनमध्ये आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना झेलंडला, म्हणजे नैर्ऋत्य टोकाच्या किनारी प्रांतात, घेऊन गेलो. सुरुवात मुद्दाम ब्रेस्केन्सच्या धक्क्यावरून केली. तिथून पलीकडच्या फ्लिसिंगनला जाणारी बोट वीसेक मिनिटांत वेस्टरस्खेल्डची रुंद खाडी ओलांडते. पूर्वी या बोटींवर मोटारीही चढत असत. मार्च 2003 मध्ये खाडीखालचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खुला झाला, मोटारी खाली गेल्या आणि वर पादचारी व सायकलवाले तेवढे उरले. बोगद्यात सायकलला मज्जाव आहे. म्हणूनच ही बोट बंद न करता त्यांच्यासाठी चालू ठेवण्यात आली. दाजींनी हे सगळे ऐकून घेतले आणि, ‘‘लोकसंख्या कमी आहे हो यांची, परवडते,’’ असा निकाल दिला. चौरस किलोमीटरमागे पाचशेहून अधिक माणसे, म्हणजे महाराष्ट्राहून दाट वस्ती, हे मी सांगितल्यावर त्यांनी विषय हेरिंग माशाकडे वळवला.

त्यांचे खरे लक्ष वेधले ते वेस्टकापेलेच्या अलीकडे, समुद्रबांधाच्या पायथ्याशी. बांधाच्या देखभालीसाठी केलेला डांबरी पट्टा तिथे सायकलींना मोकळा आहे, आणि जिथे तो गावच्या रस्त्यापासून फुटतो तिथे बरोबर मध्यभागी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा कमरेएवढा एक खांब रोवलेला आहे. दाजींनी सायकल स्टँडला लावली, वाकून खांबाचा बुडखा पाहिला, त्याचे कुलूप हलवून पाहिले आणि खांबापासून कडेपर्यंतची जागा वितीने मोजली. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल त्यातून सहज जाते, मोटार जात नाही. बांधाच्या डागडुजीची गाडी यायची असेल, तर किल्लीवाला माणूस येऊन खांब काढतो. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘‘आपल्याकडे हा खांब दुसऱ्या दिवशी भंगारात गेला असता.’’

याच ठिकाणी आमचे जुंपले. माझे म्हणणे असे की, दुसऱ्या दिवशी गेला तर तिसऱ्या दिवशी पुन्हा रोवायचा, आणि तो रोवण्याची जबाबदारी कोणाची हे कागदावर असायला हवे. इथे ते आहे. बांध, कालवे आणि त्यांच्या कडेचे हे पट्टे ज्या जलमंडळांच्या ताब्यात असतात, त्यांचा कारभार मध्ययुगापासून चालत आलेला आहे, त्यांच्या निवडणुका होतात आणि ती स्वतःचा कर वसूल करतात. पेण-अलिबागच्या खाडीकाठी आपल्याकडेही खारबंदिस्तीचे बांध आहेत, तेही सपाट आणि तेही समुद्राला लागून. त्यांवर सायकल का चालत नाही, याचे उत्तर कोकणी माणसाच्या स्वभावात शोधणे म्हणजे ज्यांनी बांधाचा माथा धड ठेवायचा त्यांना मोकळे सोडणे होय. दाजींना हा टोला वैयक्तिक वाटला. डोम्बुर्गपर्यंत ते पुढे आणि आम्ही मागे, असा अबोला होता.

दुपारी ओस्टरस्खेल्डचा अडसर, म्हणजे त्या खाडीच्या तोंडावर समुद्र अडवण्यासाठी घातलेला बांध, आला. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडून अठराशेहून अधिक बळी घेतल्यावर खाड्यांची तोंडे बंद करण्याची जी प्रचंड योजना आखली गेली, तिचा हा सर्वांत अवघड तुकडा आहे. सुमारे नऊ किलोमीटर लांब, बासष्ट पोलादी दरवाज्यांचा, 1986 मध्ये पुरा झालेला. मूळ बेत सरळ भिंत घालण्याचा होता. कालवे-शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि निसर्गवादी यांनी भांडून तो बदलायला लावला, म्हणून तिथे एरवी उघडे राहणारे दरवाजे आले आणि भरती-ओहोटी चालू राहिली. त्या दिवशी वारा समोरून होता. याच अडसरावर, वादळी वारा सुटला की, समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि सर्वांना बिनगिअरच्या साध्या उभ्या सायकली दिल्या जातात, एवढे सांगितले म्हणजे तिथला वारा काय चीज आहे ते कळेल. खंबाटकी चढलेले दाजी सर्वांत खालच्या गिअरवर आले होते. ताई मात्र भाड्याच्या बॅटरीवाल्या सायकलवरून आम्हांला मागे टाकून पलीकडे कॉफी पीत बसली होती.

यावरून तुमच्यासाठी निघणारा पहिला सल्ला असा की, दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे, कारण इथे बहुतेक दिवस वारा नैर्ऋत्येचा असतो आणि तो पाठीशी राहतो. किनाऱ्याचा जो अधिकृत लांब पल्ल्याचा मार्ग आहे, तो एलएफ कुस्टरूट (म्हणजे ‘किनारामार्ग’), बेल्जियमच्या हद्दीवरील स्लॉइसपासून जर्मनीच्या हद्दीपर्यंत सुमारे 610 किलोमीटरचा आहे. आठवड्याभरात त्यातला उत्तरेकडच्या डेन हेल्डर या बंदरापर्यंतचा, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक भाग होतो. रोज पन्नास किलोमीटर पुरे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. झेलंडनंतर ब्राउवर्सडाम आणि हारिंगफ्लीटडाम हे बांध ओलांडले की रॉटरडॅमच्या बंदराचा पट्टा लागतो. तो नळ्यांचा, टाक्यांचा आणि मालट्रकांचा मुलूख आहे. रोझेनबुर्गहून बोटीने मासस्लाउसला उतरून तो झटपट मागे टाकावा. हेगच्या पुढे मात्र सुख आहे. काटवाइक, नोर्डवाइक, झांडफोर्ट, मग आयमाउडनचा कालवा ओलांडून एग्मोंड, सगळा रस्ता वाळूच्या टेकड्यांमधून जातो. या टेकड्यांत शहरांचे पिण्याचे पाणी गाळले आणि साठवले जाते, म्हणून तिथे इमारती आणि मोटारी शिरू शकलेल्या नाहीत. पण यात एक मेख आहे: झांडफोर्टजवळच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या पाणीपुरवठ्याच्या टेकड्यांत सायकललाही बंदी आहे, तिथे पायीच जावे लागते.

वाट शोधण्यासाठी फोन हवाच असे नाही. प्रत्येक फाट्याला एक क्रमांक असतो आणि पुढच्या फाट्यांचे क्रमांक बाणांसह फलकावर दिलेले असतात. रात्री नकाशावरून क्रमांकांची चिठ्ठी करून ती हँडलला चिकटवली की दिवसाचे काम झाले. ही कल्पना मूळची बेल्जियममधल्या एका खाण अभियंत्याची, हे मी दाजींना आवर्जून सांगितले होते. त्यावर ते काही बोलले नाहीत.

सायकलीबद्दल थोडक्यात सांगतो. पॅडल उलटे फिरवून ब्रेक लागणारी सायकल घेऊ नका, हाताच्या ब्रेकची आणि गिअरची मागा. इथल्या सायकली उंच असतात, म्हणून वहिनींसाठी लहान सांगाडा आधीच सांगून ठेवा. बॅटरीवाली मिळत असेल तर संकोच करू नका. ताईने केला नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या सांगतो. मोटारमुक्त म्हणजे शांत असे समजू नये. ओस्टरस्खेल्डच्या अडसरावर बाजूनेच मोठा रस्ता धावतो आणि त्याची घरघर शेवटपर्यंत सोबत असते. शनिवार-रविवारी टेकड्यांतल्या वाटांवर शर्यतीच्या सायकलींचे थवे भरधाव येतात, तेव्हा उजवी कड सोडू नये. सपाट प्रदेशालाही अपवाद आहे: एग्मोंडच्या पुढे लागणाऱ्या स्खोर्लच्या टेकड्या पन्नास मीटरहून उंच आहेत आणि तिथे चांगला घाम निघतो. ज्या खांबाचे मी एवढे गोडवे गायले, त्याच्यावर आदळून दरवर्षी सायकलवाले, विशेषतः वयस्कर माणसे, जायबंदी होतात आणि म्हणून अनेक ठिकाणचे अनावश्यक खांब आता काढले जात आहेत. दाजींना हे कोणीतरी पाठवले आणि त्यांनी ते तत्परतेने मला पाठवले. तेव्हा दोघांनी एकामागोमाग जाताना पुढच्याने ‘खांब’ म्हणून ओरडावे. डेन हेल्डरहून आगगाडीने परतताना सायकलीचे वेगळे तिकीट लागते आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ व दुपारी चार ते साडेसहा या वेळांत सायकल चढवू देत नाहीत; ही अट जुलै-ऑगस्टमध्ये शिथिल होते, पण तुम्ही जूनमध्ये येत आहात.