निघता आलं पाहिजे

अगं पोरी,

तुझ्या तीन व्हॉइस नोट रात्री आल्या होत्या, मी सकाळी चहा टाकून ऐकत बसले आणि चहा उतू गेला. पहिल्या दोन नोटांत नुसता ऐरोली स्टेशनचा गोंगाट आणि तुझा टीम लीड कसा आहे त्याचं वर्णन, मुद्दा आला तो तिसऱ्या नोटच्या शेवटच्या दहा सेकंदांत. "काकू, एका बटणासाठी नोकरी सोडणं म्हणजे वेडेपणा आहे का हो?"

तू हुशार आहेस, सगळं नीट होईल वगैरे मी लिहिणार नाहीये, ते तुझी आई सांगेल. आपण बटणाचं बोलू.

मला समजलं ते असं. तुमचं सोसायट्यांचं ॲप, मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, टँकरचा हिशोब, पार्किंगची यादी, सगळं त्यात. गेल्या महिन्यात दोन सोसायट्या सोडून गेल्या, तर आता वरून फर्मान की 'सगळा डेटा डाऊनलोड करा' हे बटण उडवायचं आणि उडवलं असं वाटू नये म्हणून पीडीएफ तेवढी ठेवायची. आणि ते तुझ्या हातून, कारण तो स्क्रीन तू बांधलायस. लीड म्हणतो पीडीएफ देतोय म्हणजे डेटा देतोयच की.

कसला देतोय! पीडीएफ म्हणजे हिशोबाचा फोटो, नोटीस बोर्डावर लावायला छान. दोनशे फ्लॅटची पाच वर्षांची थकबाकी पीडीएफमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची म्हणजे कुणीतरी रिटायर्ड खजिनदार काकांनी चष्मा लावून परत टाइप करायची, आणि ते काका कपाळाला हात लावून म्हणणार जाऊ दे, राहू याच ॲपवर. मग तुमच्या मीटिंगमध्ये त्याला रिटेन्शन, म्हणजे गिऱ्हाईक टिकवणं, म्हणणार आणि आलेख दाखवणार.

माझं म्हणणं एकच आहे, तुला ते पाठ असेल, तरी परत लिहिते: निघता आलं पाहिजे. कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मी आत काय काय आहे ते नंतर बघते, आधी बाहेरचं दार बघते. बनवतानाही तसंच. चक्रव्यूहाचं उदाहरण देत नाही, ते सगळेच देतात.

आता हे मी कुठल्या तोंडाने सांगते ते ऐक, कारण हे मी तुला आजवर अर्धवटच सांगितलंय.

१९९६ ला मी ठाण्यात नौपाड्याला डीटीपी सुरू केलं, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, एखाददुसरा दिवाळी अंक. मग फॉक्सप्रो नावाचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर शिकले आणि एका वाचनालयासाठी पुस्तकांच्या यादीचा प्रोग्रॅम करून दिला, नऊ हजारांवर पुस्तकं. त्या काळात मराठी फाँट म्हणजे काय प्रकार होता हे तुमच्या पिढीला सांगून पटत नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली, कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजीच आहे, आपल्याला मराठी दिसायचं. आणि प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळ्या जागी, त्यामुळे एका फाँटमधलं 'ठाणे' दुसऱ्या फाँटमध्ये उघडलं की नुसत्या मात्रा आणि स्वल्पविराम. गंमत म्हणजे अख्ख्या देशासाठी एक पद्धत तेव्हाही होती, इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ चं, जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या युनिकोडचं पहिलं व्हर्जनही १९९१ चंच, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली. पण आमच्या धंद्यात जो तो आपल्या फाँटचा राजा.

त्या यादीची एक गोष्ट सांगते. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून त्या फाँटमध्ये टाइपही आधीच व्हायची आणि फाइलमध्येही आधीच बसायची. झालं काय, अकारविल्हे यादी काढली की किल्ले, निबंध, विज्ञान, शिवकाल सगळे एकाच रांगेत उभे, कारण कॉम्प्युटरच्या लेखी सगळ्यांचं पहिलं अक्षर वेलांटीच. ग्रंथपाल बाई हसल्या होत्या, म्हणाल्या वेलांटीचं वेगळं कपाट करू या का. मी पॅच मारून दिला.

तीन वर्षांनी त्यांना दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. बाई आल्या, म्हणाल्या आमची यादी द्या. मी फाइल दिली. ती उघडल्यावर अर्थातच कचरा, कारण कुठल्या जागी कुठलं अक्षर याचा तक्ता असल्याशिवाय ते वाचताच येत नव्हतं. तक्ता माझ्याकडे होता. दोन पानांचा, हाताने लिहिलेला, ड्रॉवरमध्ये. मी म्हणाले ते फार किचकट काम आहे, पंधरा हजार होतील. वाटलं एवढे कोण देतंय, राहतील आपल्याकडेच.

राहिल्या नाहीत. दोन मुली बसवल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी पुस्तकं कपाटातून काढून परत एंट्री केली. मी त्या रस्त्याने रोज जायचे, खिडकीतून दिसायच्या, एक वाचायची, एक टाइप करायची. बाई रस्त्यात भेटल्या तरी नेहमीसारख्या हसायच्या, ते जास्त लागायचं.

आता मला वाईट म्हणायचं तर म्हण, पण विंडोजमध्ये देवनागरी धडपणे दिसायला २००० साल उजाडलं, तो फाँट वापरणं ही चूक माझी नव्हती, दुसरं काही हातातच नव्हतं, आणि दुकानाचं भाडं, मुलाची फी, सगळं एकाच गल्ल्यातून. हे सगळं खरं आहे. तक्ता ड्रॉवरमध्ये होता हेही खरं आहे.

पुढे ते फिरून माझ्यावरच आलं. सासऱ्यांनी त्यांच्या गिरणीतल्या दिवसांच्या आठवणी सांगितलेल्या मी त्याच काळात टाइप केल्या होत्या, तसल्याच एका फाँटमध्ये, आणि ते पॅकेज चालायला मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला एक लॉक लावावं लागायचं. लॉक मेलं. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. सासरे तोवर गेले होते. १८० पानं माझ्याकडे आहेत आणि वाचता येत नाहीत. शेवटी २०११ मध्ये चार महिन्यांचे रविवार घालवून मीच कन्व्हर्टर लिहिला. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवतात, त्यामुळे नुसता तक्ता पुरत नाही, 'विद्यार्थी' मधली वेलांटी उचलून 'व'च्या नंतर न्यायची, रफार उचलून 'थ'च्या आधी आणायचा, 'स्थिती' मध्ये तर वेलांटीने अख्खं जोडाक्षर ओलांडायचं. सगळं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं फाइलमध्ये लिहायच्या पद्धतीत, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलं. हे यूटीएफ-८ केन थॉम्प्सन नावाच्या प्रोग्रॅमरने १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात, त्याचा सहकारी रॉब पाइक समोर बसलेला, टेबलावरच्या कागदी मॅटवर लिहिलं. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाईट आणि आपल्या 'ठ'ला तीन लागतात म्हणून तेव्हा कुरकुर करणारे होते. लागू देत की तीन. ती फाइल कुठल्याही मशीनवर, कुणालाही न विचारता उघडते, मला तेवढं पुरे.

आता तुझ्या लीडच्या युक्तिवादाकडे येते, 'दार उघडं ठेवलं तर सगळे पळतील'. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली, तेव्हाही हीच रड होती. मी स्वतः दोनदा बदलली आणि तिसऱ्यांदा पहिल्या कंपनीकडे परत गेले. नंबर सोडावा लागला असता तर हललेच नसते, बसल्या जागी रोज शिव्या घातल्या असत्या. आणि क्यूआर कोडचं बघ. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याकडे एक पुठ्ठा टांगलेला असतो, तुझ्या फोनमध्ये कुठलंही ॲप असू दे, पैसे पोचतात. २०१६ मध्ये यूपीआय आलं ते बँकांना एकमेकांशी बोलायला लावूनच. पण क्यूआर आपापले ठेवायचा मोह तिथेही होताच, म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की आता नवे खासगी क्यूआर काढायचे नाहीत आणि असलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत सगळ्यांना चालतील असे करा. म्हणजे सांगायला लागलं! आपण होऊन कोण करतंय.

तू विचारशील मग कायदा काय म्हणतो. युरोपात २५ मे २०१८ पासून आपला डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क आहे. आपल्याकडे डेटा संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यात नाहीये. तर त्या बाबतीत तुझा लीड कायद्याने बरोबर आहे, लखलाभ. पण सोसायटीचं दप्तर सोसायटीचं असतं, सभासदाला हिशोब बघायचा हक्क १९६० च्या सहकार कायद्यातच दिलाय, आणि उद्या ऑडिटरने सेक्रेटरीकडे पाच वर्षांचा खातेउतारा मागितला तर तो सेक्रेटरी तुमच्या लीडला फोन करणार की तुला?

माथेरानला गेली असशील ना. नेरळला सगळे उतरतात, बॅगा काढतात आणि त्या छोट्या गाडीत बसतात, कारण तिकडचे रूळ दोन फुटी आणि आपल्या लोकलचे साडेपाच फुटी. १८५३ ला ठाण्याला पहिली गाडी आली ती साडेपाच फुटीवरच आणि तुझी वाशी लोकल आजही त्याच मापावर पळते. नेरळचं मी समजू शकते, पुढे घाट आहे, वळणं आहेत, मोठी गाडी वळणारच नाही. तुमच्या ॲपमध्ये कुठला घाट आहे गं?

बरं, आता काय करायचं. राजीनामा लगेच नको, उगाच हिरोगिरी नको. आधी मेल लिही, चॅटवर नको, मेल. चॅट उद्या स्क्रोल होऊन जातं. (मेल पोचवायचं एसएमटीपी नावाचं मानक १९८२ चं आहे, मेल कुठल्याही कंपनीच्या खात्यावरून कुठल्याही कंपनीच्या खात्यावर जातं, आणि हो, मी स्वतः व्हॉट्सॲपवर तुझ्या नोटा ऐकते, तिथून मला निघता येत नाही कारण माझ्या चारही बहिणी तिथे आहेत. तोंडावर बोट ठेव.) मेलमध्ये तत्त्वज्ञान लिहू नकोस, ऑडिटचं लिही. बटण राहू दे आणि ते आत्तापेक्षा चांगलं करते असं लिही, कारण खरं सांगू का, तुझं आत्ताचं बटणही धड नाहीये. मागच्या महिन्यात तू दाखवलेली सीएसव्ही, म्हणजे त्या बटणातून निघणारी स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल, मी एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली तर सभासदांची नावं परत तीच १९९८ ची रांगोळी! फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाईटची खूण घाल, मग एक्सेलला कळतं यूटीएफ-८ आहे. आणि विंग २ मधला ११ नंबरचा फ्लॅट तू २-११ असा लिहिलायस, त्याची एक्सेलने २ नोव्हेंबर करून टाकली. 'विंग' आणि 'फ्लॅट' वेगळे कॉलम कर, तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिही, आणि प्रत्येक कॉलम म्हणजे काय हे सांगणारी एक साधी टेक्स्ट फाइल सोबत दे. तोच तुझा तक्ता. तो ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही.

एवढं करूनही म्हणाले काढच, तर तुझ्या हाताने नको. 'मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करेलच' हे मला ऐकवू नकोस, करू दे दुसऱ्याला, त्याचा तो आणि त्याचं त्याचं ड्रॉवर. चिडून लिहितेय असं वाटेल, थोडी चिडलेलीच आहे. हे बटण आहे आणि बटण म्हणूनच विचारलंस हे बरोबर, मोठ्या गोष्टी मोठ्या बनून येत नाहीत, माझ्याकडेही ती दोन पानं बनूनच आली होती.

यात मिळत काय, तर फार नाही, हेही सांगते. २००४ नंतर मी जे जे सॉफ्टवेअर केलं त्यात पहिल्या दिवशी एक्स्पोर्ट केलं आणि मग बाकीचं. सोळा गिऱ्हाईकं मला सोडून गेली, सगळा डेटा घेऊन, व्यवस्थित, मीच भरून दिला. परत आली तीन. माझा पार्टनर म्हणायचा तू दुकान चालवतेस की धर्मशाळा, आणि एक दिवस तोही गेला, त्याचं आता घोडबंदर रोडला मोठं घर आहे आणि मी अजून वन बीएचकेत पंख्याखाली बसून तुला शहाणपण शिकवतेय. खंत नाही म्हणणार होते, पण मे महिन्यात असते थोडी. मात्र त्या सोळांपैकी कुणीही मला रस्त्यात भेटलं तर मी फुटपाथ बदलत नाही. वाचनालयाच्या गल्लीतून अजून जात नाही, रिक्षावाल्याला लांबून घ्यायला सांगते.

मेल पाठवायच्या आधी मला वाचायला दे, तुझी वाक्यं लांबतात, माझ्यासारखीच. आणि शनिवारी घरी ये, संध्याकाळी, घंटाळीच्या बाजूने आलीस तर वडे घेऊन ये. नवी सीएसव्ही पेनड्राइव्हवर आण, लिंक पाठवू नकोस. माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडून बघू, त्यावर नेट चालत नाही.

तुझी काकू