पासपोर्टवर गेरट्रुइडा, बोलण्यात ट्रूस

प्रश्न : ताई, मांद्र्याला आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पुढच्या महिन्यात हॉलंडच्या एक सत्तरीच्या बाई येणार आहेत. फोनवर त्या स्वतःला ‘ट्रूस’ म्हणतात. पासपोर्टची प्रत पाठवली तर त्यावर ‘गेरट्रुइडा योहाना मारिया’, वर आडनावात मध्येच ‘ई/व्ही’. परदेशी पाहुण्याची सरकारदरबारी नोंद करायच्या सी फॉर्मवर काय लिहू? सासूबाई म्हणतात, दोन नावांची बाई म्हणजे काहीतरी भानगड असणार. — एक वाचक, मांद्रे

उत्तर : भानगड कसली! सासूबाईंनाच विचारा, गावात हाक मारायला ‘बोस्त्यांव’ असलेला माणूस दाखल्यावर कोण असतो? सेबास्तियांव. माझी सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीत गेली. पोर्तुगीज अमदानीतल्या त्या जाड वह्यांत तीन-तीन, चार-चार नावांची माणसं भेटायची, आणि त्यांचे नातू खिडकीशी उभे राहून आजोबांचं घरातलंच नाव सांगायचे. मग शोधा!

डच लोकांत ही पद्धत सर्रास आहे. बाप्तिस्म्याची, कागदावरची नावं वेगळी आणि रोजच्या हाकेचं वेगळं. या हाकेच्या नावाला ते ‘रूपनाम’ म्हणतात. उच्चार खरंच असा आहे. त्यातल्या ‘रूप’चा संस्कृतशी संबंध शून्य, ‘नाम’ मात्र संस्कृत ‘नाम’चं लांबचं नातेवाईक. ते पासपोर्टवर येत नाही. त्यामुळे गेरट्रुइडाची ट्रूस, खेर्ट्ये किंवा ट्रूडी होते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना मूळ नाव ठाऊकही नसतं.

नाव जुनं जर्मानिक. पहिल्या भागाचा अर्थ भाला, दुसऱ्याचा बळ. एवढं लढाऊ नाव घराघरांत पोचलं ते मात्र एका मठवासिनीमुळे. आजच्या बेल्जियममधल्या निव्हेलच्या मठाची प्रमुख संत गेरट्रूड, मृत्यू इ.स. 659. चित्रांत तिच्या काठीवर उंदीर चढताना दिसतात, कारण उंदीर-घुशींच्या त्रासात लोक तिचा धावा करत. तिचा दिवस 17 मार्च. त्या दिवसापासून बागकामाला सुरुवात करायची, असं तिकडचे जुने लोक मानत. प्रवासाला निघणाऱ्याला तिच्या नावाने एक पेला पाजण्याचीही रीत होती. (आपल्याकडे फेणीला असल्या निमित्ताची गरज लागत नाही.)

डच गलबतांनी सतराव्या शतकात मांडवीचं तोंड अडवलं होतं, वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तरी गोव्यातल्या किरिस्तांव घरांत हे नाव आलं ते पोर्तुगीजांच्या तोंडून, ‘जेर्त्रूदिश’ होऊन.

ट्रूस हे आता तिकडे आजीचं नाव झालंय, आपल्या द्वारकाबाई-गोदावरीबाईंसारखं. पण काय एकेक बायका या नावाच्या! माझी मुलगी उट्रेख्टला असते. तिथे ट्रूस श्र्योडर या विधवेने 1924 मध्ये तीन मुलांसाठी रीटफेल्ट या वास्तुरचनाकाराकडून घर बांधून घेतलं. मी पाहिलंय ते. वरच्या मजल्यावरच्या भिंती सरकतात. दिवसा एक दालन, रात्री ढकलल्या की झोपायच्या खोल्या. बाई 1985 मध्ये वारल्या तोवर तिथेच राहिल्या. घर जागतिक वारशात आहे.

दुसरी ट्रूस वाइसमुलर. 1938 च्या डिसेंबरात ही एकटी व्हिएन्नाला जाऊन आइकमन या नाझी अधिकाऱ्यासमोर उभी राहिली आणि सहाशे ज्यू मुलांना बाहेर न्यायची परवानगी घेऊन आली. पुढे हजारो मुलं तिच्या खटपटीने वाचली. 14 मे 1940 ला, हॉलंड शरण जायच्या दिवशी, अ‍ॅम्स्टरडॅमच्या अनाथालयातली मुलं तिने बसमधून बंदरावर नेऊन शेवटच्या बोटीत चढवली. ती सगळ्या मुलांची ‘तांते ट्रूस’, म्हणजे ट्रूसमावशी. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता फॉर्म. पासपोर्टवर आहेत ती तिन्ही नावं त्याच क्रमाने भरा. ‘ट्रूस’ कुठेच नको. ‘ई/व्ही’ म्हणजे ‘अमक्याची पत्नी’. त्याच्या पुढे नवऱ्याचं आडनाव असतं, आधी बाईंचं स्वतःचं. खात्री हवी तर फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या ओळी पाहा. तिथे फक्त बाईंचं आडनाव दिसेल, तेच आडनावाच्या रकान्यात घाला. त्या पोचल्यापासून 24 तासांत फॉर्म ऑनलाइन गेला पाहिजे, रविवार असला तरी.

हाक मारताना ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करून आतून ‘ई’ म्हणायचं, की त्यांचा ‘ट्रूस’ जमतो. नाहीच जमला तर आपला साधा ‘त्रूस’ त्या चालवून घेतील. आणि जन्मतारीख नीट वाचा : पासपोर्टवर महिना ‘एम ए ए’ असा दिसला तर तो मे नव्हे, मार्च.