बारावीला फ्रेंच घेतलंय, सोलापुरात राहते. ड्युओलिंगो पुरेल की दुसरं अ‍ॅप घेऊ?
नुसत्या ड्युओलिंगोवर नाही भागणार. फुकटात रोज बसायची सवय लागते, तेवढ्यासाठी ठेव. पण परीक्षेत स्वतः वाक्य लिहावं लागतं. तिथे पर्यायांवर बोट ठेवून चालत नाही.

खरी गोची लिंगाची. आपल्याकडे तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोनच; आपलं 'ते टेबल' तिकडे 'ला ताब्ल', चक्क स्त्रीलिंगी! हे पाठच करावं लागतं. त्यासाठी अंकी हे फ्लॅशकार्डचं, म्हणजे पाठांतराच्या पत्त्यांचं अ‍ॅप घे आणि प्रत्येक पत्त्यावर 'ल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावूनच शब्द लिही. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. मी सात रस्त्याहून क्लासला जाताना रिक्षातच वीसेक पत्ते उरकायचो.

ऐकायला टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीचं फ्रेंच शिकण्याचं अ‍ॅप बघ. ए-१ (अगदी सुरुवातीची) ते बी-२ (बऱ्यापैकी पुढची) पातळ्यांचे व्हिडिओ, तेही फुकट. लिहिलेलं शेवटचं अक्षर बोलताना कुठे गायब होतं, ते कानालाच कळतं. बुसू अ‍ॅपवर आपण लिहिलेलं दुसरे लोक तपासून देतात, तेही बरं.

पुढे डेल्फ (फ्रेंचची अधिकृत प्रमाणपत्र परीक्षा) द्यायची असेल तर पुण्याचं आलियाँस फ्रांसेज हे फ्रेंच शिकवणारं केंद्र आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाता येतं. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात, पण चारही भागांत २५ पैकी किमान ५ हवेतच.