मुठीने छाती का बडवतात?

प्रश्न : कोरियन मालिकांमधल्या पन्नाशीच्या बायका संतापल्या की मुठीने छाती बडवतात. मैत्रीण म्हणते, तिकडे रागाचाही आजार असतो. खरं का? आणि तो बायकांनाच का? पुरुषांना राग येत नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे, ताई. त्याला ‘ह्वाब्योंग’ म्हणतात. ‘ह्वा’ म्हणजे आग, आणि रागही. ‘ब्योंग’ म्हणजे आजार. १९९४च्या अमेरिकी डीएसएम-४ या मनोविकारांच्या निदानग्रंथातही त्याची नोंद होती.

२०१२मध्ये मी सोलला भाड्याने राहत होते. खाली घरमालकीण, वय चौपन्न. जानेवारीत बाहेर उणे दहा, आणि ही स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून उभी. चेहरा लालबुंद, एका हाताने वारा घेतेय, दुसऱ्या हाताची मूठ छातीवर ठक ठक. ‘दाप्दाप’ म्हणायची, म्हणजे आत कोंडल्यासारखं. घशाशी गोळा, जो गिळताही येत नाही आणि थुंकताही. ईसीजी नॉर्मल. मग पारंपरिक वैद्याने छातीच्या हाडावर, बरोबर मधोमध, बोट दाबलं आणि ती कळवळली.

थोरली सून ती. सासरच्या पितरांचा सगळा स्वयंपाक तीस वर्षं तिनेच केला. तिकडे म्हणतात, नव्या सुनेने तीन वर्षं बहिरं, तीन वर्षं मुकं, तीन वर्षं आंधळं राहावं. तिची नऊ वर्षं कधीच उलटली होती! तिच्या तोंडी एकच शब्द असायचा, ‘ओगुल’. अन्याय झालाय, पण दाद मागायची कुठे?

नवऱ्याला राग नव्हता असं कसं म्हणू? १९९७च्या आर्थिक संकटात त्याची नोकरी गेली होती. तो सोजू ही कोरियन दारू प्यायचा, ओरडायचा, झोपायचा. बाईचा राग छातीत साचतो, म्हणून ती दुखणं घेऊन डॉक्टरकडे जाते. पुरुषाला ‘दारू कमी करा’ एवढंच सांगून घरी पाठवतात. ह्वाब्योंगच्या रुग्णांत मध्यमवयीन बायका जास्त दिसतात, त्यात घुसमट तर आहेच, पण पुरुषाचं दुखणं दारूच्या खात्यात जमा होतं, हेही कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

ताई, तुम्हालाच छातीत दडपण येत असेल, तर आधी हृदय तपासून घ्या. आणि पाळी जाण्याच्या वयात अंगातून येणाऱ्या गरम वाफा वेगळ्या, त्याही डॉक्टरांना विचारा.

त्या वर्षी चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या आणि पितरांच्या सणाला आमच्या घरमालकिणीने नवऱ्याला पहिल्यांदा धिरडी तळायला बसवलं. कुरकुरत बसला, पण बसला.