वाचकांचे प्रश्न : बी कोणत्या तारखेपर्यंत लावावं?

प्रश्न : मी नुकताच ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळायला लागलोय. पहिल्या वर्षी पानगळीच्या हंगामात भरपूर भोपळे लावले, रोज पाणी घातलं, तरी हिवाळ्याच्या पहिल्या सकाळी सगळी रोपं वाळलेली दिसली. माझं काय चुकलं? आणि हिवाळ्यात शेतात काहीच पिकत नसेल तर रोज उठल्या उठल्या पुन्हा झोपून ते 28 दिवस संपवून टाकू का?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना माझे 20 भोपळे डोळ्यांसमोर आले. पियेरच्या दुकानात बी मिळतंय म्हणजे लावायला वेळ आहे, असं मी धरून चालले होते. दुकानदार हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत बी विकतो! पानगळीच्या 18 तारखेला मी 2000 नाणी मोजली आणि सगळं बी लावलं. 28 च्या संध्याकाळी हिरवीगार पानं होती, भोपळा एकही नाही. सकाळी उठले तर बर्फ पडलेलं आणि चौकटीचौकटीत तपकिरी काटक्या. विळ्याने त्या काढताना फार वाईट वाटलं.

प्रत्येक हंगाम 28 दिवसांचा असतो, म्हणून मोजायचं ते 28 पासून मागे. भोपळ्याला 13 दिवस लागतात, म्हणजे 15 तारखेनंतर तो लावायचा नाही. फ्लॉवरला 12, म्हणून वसंतात 16 ही शेवटची तारीख. पार्सनिप 4 दिवसांत येतं, ते 24 पर्यंत खुशाल लावा. हे सगळं रोज पाणी मिळालं तरच. एक दिवस चुकला की पीक एक दिवस पुढे जातं. ब्लूबेरीचं गणित थोडं वेगळं आहे, ती एकदा लावली की पुन्हा पुन्हा फळ देते. उन्हाळ्याच्या 1 तारखेला लावली तर 14, 18, 22 आणि 26 अशा चार तोडण्या मिळतात. तीच 15 ला लावली तर 28 ला एकच. गहू आणि मका मात्र उन्हाळ्यातून पानगळीत जिवंत राहतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस हात रिकामे असतील तर गहू लावत जा.

हिवाळा झोपून काढू नका, अगदी मनापासून सांगते. जनावरं महिनाभर गोठ्यातच असतात आणि प्रत्येकाला रोज एक वैरण लागते. एका सायलोत, म्हणजे वैरणीच्या कोठारात, 240 मावतात. आठ जनावरांना 28 दिवसांत 224 लागतात, म्हणजे जेमतेम भागतं. बारा असतील तर 336, मग दुसरा सायलो हवाच. आधी सायलो बांधा, मगच गवत कापा; सायलो नसताना कापलेल्या गवताची वैरण मिळत नाही. कमी पडली तर जनावरं विकणाऱ्या मार्नीकडे एकेक 50 नाण्यांना विकत घ्यावी लागते.

झारी सुधारून घ्यायला हिवाळ्यासारखा हंगाम नाही. गावचा लोहार क्लिंट ती दोन दिवस ठेवून घेतो आणि एरवी तेवढ्यात पिकं तहानलेली राहतात. खाणीत उतरून लोखंड, सोनं आणा, त्यातून चांगले स्प्रिंकलर होतात. असा एक क्वालिटी स्प्रिंकलर आजूबाजूच्या 8 चौकटींना रोज सकाळी पाणी देतो. मी पहिल्या हिवाळ्यात सहा केले आणि वसंतात सकाळचा झारीचा फेरा जवळजवळ संपला. हिवाळ्याच्या 15 ते 17 ला किनाऱ्यावर रात्रीचा बाजारही भरतो, तो चुकवू नका.

आणखी एक. वसंताच्या 13 तारखेला अंड्यांच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बी मिळतं. त्याच रात्री लावलं तर 21 आणि 25 अशा दोनच तोडण्या होतात. मी निम्मं बी लावलं आणि निम्मं पेटीत ठेवलं. पुढच्या वसंतात 1 तारखेला सकाळी ते जमिनीत गेलं, 9 ला पहिली लालभडक स्ट्रॉबेरी हातात आली आणि 25 पर्यंत पाच तोडण्या झाल्या.