सनस्क्रीन लावूनही डाग?

प्रश्न : हर्णैला वाळूवर मासळी सुकवते. सकाळी सनस्क्रीन लावते, डोक्यावर पदर असतो. तरी गालांवर काळे डाग आलेत. त्याऐवजी खोबरेल लावू का?

उत्तर : खोबरेलाने ऊन अडत नाही. तुमचं बहुधा प्रमाण कमी पडतंय. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहऱ्या-मानेला लागतं. एसपीएफ (ऊन किती अडतं ते सांगणारा आकडा) 30 किंवा त्याच्या पुढचं, घामात टिकणारं घ्या. दर 2 तासांनी पुन्हा लावा. घाम पदराने खसाखसा पुसलात की सनस्क्रीनही गेलं! टिपून घ्या, खारट तोंड गोड्या पाण्याने धुवा, कोरडं झाल्यावरच लावा. पदर वरचं ऊन अडवतो, वाळूवरून परतणारं नाही. डाग वांगाचे असतील तर आयर्न ऑक्साइडवालं रंगीत सनस्क्रीन बरं. वांगाचे डाग साध्या उजेडानेही गडद होतात, आणि तो उजेड आयर्न ऑक्साइड अडवतं.